हक्कोस घराण्याचा हरवलेला दाखला

बायबलच्या जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचा तट पुन्हा उभारल्याची नोंद आहे; त्यात सनाहाच्या वंशजांनी मत्स्यवेस (तटाचा एक दरवाजा) बांधली. पण लगेच पुढच्या वचनात (नहेम्या ३:४) डोकावणारं हक्कोस घराणं मला जास्त चटका लावतं. दावीद राजाच्या काळी याजकांचे (मंदिरातल्या पुरोहितांचे) २४ वर्ग पाडले, चिठ्ठ्या टाकून त्यांचा क्रम ठरवला, त्यात सातवी चिठ्ठी हक्कोसची. म्हणजे चांगलं जुनं खानदान. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर मात्र वंशावळीत नाव सापडेना (एज्रा २:६१-६३). झालं! याजकपद गेलं, परमपवित्र अन्नाला हात लावायचा नाही. उरीम-थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) असलेला याजक येईपर्यंत थांबा. (दाखल्यावाचून अडणं तेव्हाही होतंच.)

आणि याच घराण्यातला मरेमोथ, उरीयाचा मुलगा, इ.स.पू. ४४५ च्या सुमारास तटाचे एक सोडून दोन भाग दुरुस्त करतो. दुसरा तर थेट मुख्य याजक एल्याशीबच्या घराच्या दारापासून घर संपेपर्यंत! एज्रा ८:३३ मध्ये मंदिराचं सोनं-चांदी तोलून ज्याच्या हाती दिलं, तोही उरीयाचा मुलगा मरेमोथ, आणि तिथे नावाला ‘याजक’ जोडलेलं आहे. दोघे एकच असतील, तर मधल्या काळात घराण्याचं नाव याजकांत पुन्हा लागलं असावं. कसं, यावर ग्रंथ गप्प.