‘आपल्यालाच दिलेस ना?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे का?

गिरगावची सून (धागालेखिका)

मुंबईला उदारमतवादी शहर म्हणण्याची पद्धत आहे, परंतु माणूस राहतो तो इमारतीत. माझे माहेर गोरेगावचे, ‘पाणीवाली बाई’ म्हणून मृणाल गोरे यांचे नाव आदराने घेणाऱ्या घरातले. सासर गिरगावात, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. चाळ गेली, पण चाळीचे डोळे शिल्लक आहेत. शेजार मायेचा आहे, हे आधीच सांगते. सासूबाई रुग्णालयात होत्या तेव्हा अकरा दिवस आमच्याकडे डबा येत होता, आणि तो पाठवणाऱ्या काकूच मला इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हसत हसत ‘फुरोगामी’ म्हणतात.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान करून मी परतले, तेव्हा याच काकूंनी जिन्यात विचारले, “आपल्यालाच दिलेस ना?” मी “हो” म्हणाले. ते खोटे होते. मला कोणी धमकावले नव्हते आणि मत गुप्त ठेवण्याचा अधिकार मला कायद्याने दिलेला आहे, तरीही जीभ आपोआप वळली. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसलेली ती चिठ्ठी सोडली, तर माझे मत या इमारतीत कोणालाही ठाऊक नाही, नवऱ्यालाही नाही.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची यादी होत असताना, तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या वहिनींचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले त्यांनाही बोलवावे, असे मात्र मी सर्वांसमक्ष सुचवले. नाही कोणीच म्हटले नाही. विषय वाणाला स्टीलच्या वाट्या द्याव्यात की कापडी पिशव्या, याकडे वळला आणि वहिनींना निरोप गेलाच नाही. तेव्हापासून मी येताच गप्पा थांबतात. अशा ठिकाणी गप्प राहणे ही सभ्यता म्हणावी की भीती?

डोंबिवलीकरीण

तुम्ही ज्यांना मत दिले नाही, त्यांना मी गेली अनेक वर्षे देत आले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझ्या कार्यालयात सगळे तुमच्या विचारांचे आहेत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पक्षाच्या मतदारांना अडाणी म्हटले जाते आणि मी भाजीचे कौतुक करत राहते, म्हणजे खोटे मीही बोलते, फक्त माझी इमारत वेगळी आहे.

आता एक कडू प्रश्न. त्या वहिनींना यायचे होते का, हे तुम्ही त्यांना विचारले होते का? तुमच्या पत्रात त्यांचे एकही वाक्य नाही. मला तर असे वाटते की मत सांगण्याचे धैर्य झाले नाही, त्याची भरपाई तुम्ही त्यांच्या नावाने केली.

पानोपानी

डोंबिवलीकरीण यांचा दुसरा मुद्दा जिव्हारी लागणारा आहे आणि तो लागायलाच हवा. पहिला मात्र मला मान्य नाही. कार्यालय संध्याकाळी सुटते, सासर सुटत नाही.

गप्प राहण्याला सरसकट भीती म्हणू नये. याच मुंबईतल्या रखमाबाईंनी १८८५ साली बालविवाहाविरुद्ध टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने. त्या वेळी नांदायला येण्यासाठी नवऱ्याने लावलेला खटला उच्च न्यायालयात चालू होता. पण १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत टिळकांचा केसरीही होता. जिन्यातला प्रश्न म्हणजे काही न्यायालयाचा हुकूम नव्हे. तिथे टोपणनाव चालते.

स्पष्टवक्ता

बायकांनी हळदीकुंकवात राजकारण आणले की इमारतीची शांतता जाते, इतकाच या धाग्याचा अर्थ आहे.

पानोपानी

१९७२ च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनात याच शहरातल्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. लाटणे स्वयंपाकघरातलेच असते, दादा.

डोंबिवलीकरीण

रखमाबाईंच्या पाठीशी डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे सावत्र वडील होते, हे विसरू नये. प्रत्येकीच्या घरी डॉक्टर वडील नसतात. मला त्यापेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातले हेरवाड अधिक शिकवते. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने, नवरा गेल्यावर कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची आणि मंगळसूत्र तोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तेच उदाहरण घालून दिले. तुम्ही ज्याला परंपरावादी मुलूख म्हणाल, त्या मुलखातले हे गाव आहे. (माझ्या विचारांच्या बायकांनाही ही प्रथा नकोशी झाली आहे, फक्त ती मोडताना ‘मागासलेल्या’ म्हणवून घ्यायचे नाही.)

पानोपानी

ठराव होईपर्यंत त्या गावातही पहिल्यांदा कोणीतरी तोंड उघडले असेलच, आणि त्या दिवशी त्यालाही कोणीतरी आगाऊ म्हटले असेल.

गिरगावची सून

विचारले नव्हते, हे खरे आहे. काल तिसऱ्या मजल्यावर गेले. वहिनींनी चहा केला आणि माझे बोलणे संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “कुंकवाचं मला काही नाही, लावलं काय आणि न लावलं काय. बोलावणं हवं होतं. पण तुम्ही माझं नाव काढलंत त्या दिवसापासून सगळ्या माझ्याकडे बिचारी म्हणून बघतात, ते आधी नव्हतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि डोंबिवलीकरीण यांचे ऐकून घेणे जड जात असले तरी ते मी येथे लिहून ठेवते.

भीतीबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. तुम्ही भाजीचे कौतुक करून विषय टाळता. मला थेट विचारले जाते, आणि विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. पुढच्या वेळी मी “हो” म्हणणार नाही. “सांगणार नाही” म्हणेन.

डोंबिवलीकरीण

त्यातून त्यांना कळेलच.

गिरगावची सून

कळू दे. डबा येतो का, ते पाहू.