स्पेनची रेड वाइन: क्रियान्सा, रेसेर्वा की आणखी काही? सोलापूरच्या उन्हाळ्यात कशी प्यावी?

सात_रस्ता:
अकलूजच्या सांजोवेझे द्राक्षाच्या रेड वाइनची सवय आहे, आता स्पेनकडे वळतोय. रिओहा भागातली क्रियान्सा (थोडी मुरवलेली) आणि रिबेरा देल दुएरो भागातली वाइन, दोन्ही चाखल्या. रिओहाला व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्यासारखा वास येतो, तो आवडला. रिबेरा जास्त काळपट, दाट आणि हिरड्या आवळणारी वाटली. पण दुसऱ्या घोटापासून दोन्हींत घशाला दारूची जळजळ होते आणि मटणाच्या रश्श्याबरोबर तर चव पार कडू होते. बाटली फ्रिजमध्ये ठेवली नव्हती, रेड वाइन थंड करायची नसते असं ऐकलंय. जळजळ कशाने होते? रेसेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, घेतली तर फरक पडेल का? आणि आपल्या तिखटाला स्पेनची कुठली रेड चालते?

बूच_आणि_पेला:
जळजळीचं कारण बाटलीचं तापमान. थंड करू नका हा सल्ला १७-१८ अंशांच्या घरातला आहे. सोलापुरात मे महिन्यात घरात ३४-३५ अंश असतात. त्या तापमानाला अल्कोहोल भराभर उडतं, नाकात आधी तेच शिरतं आणि फळाचा वास मागे राहतो. १४ टक्क्यांची चांगली वाइनसुद्धा मग गरम औषधासारखी लागते.

क्रियान्सा १५-१६ अंशांना, रेसेर्वा आणि रिबेरा १६-१८ ला. ३४ अंशांची बाटली साध्या फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, १२-१५ मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, पाणी मात्र काचेला सगळीकडून लागतं. अति थंडही नको: १० अंशांखाली टॅनिन (हिरड्या आवळणारा तुरट घटक) कडक आणि तुरट होतं, रिबेरा तर तोंडात घेववत नाही.

ओतताना पेला एक तृतीयांशच भरा. आपल्याकडे पेल्यातली वाइन बघता बघता तापते, म्हणून दोन अंश कमीच ठेवून सुरुवात करायची.

आणखी एक. पुण्याहून बाटली आणत असाल तर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बूच किंचित वर आलेलं असेल, मानेवर चिकट ओघळ असेल, तर बाटली तापलेली आहे. आत शिजलेल्या जॅमसारखी चव मिळते आणि ती कितीही थंड केली तरी जात नाही.

लेबलवाचक:
रेसेर्वाबद्दल. ही नावं मुरवण्याच्या काळाची आहेत, तेवढ्याने वाइन सरस ठरत नाही. रिओहात क्रियान्सा म्हणजे एकूण किमान २ वर्षं, त्यातलं १ ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपात. रेसेर्वा ३ वर्षं, त्यातलं किमान १ पिंपात. ग्रान रेसेर्वा ५ वर्षं, त्यातली २ पिंपात. मागच्या बाजूला नियामक मंडळाची छोटी पट्टी असते: क्रियान्सा लाल, रेसेर्वा गडद मरून, ग्रान रेसेर्वा निळी आणि मुरवण्याची अट नसलेली हिरवी. दुकानात आधी ती पट्टी पाहा, पुढचं चित्र नंतर.

तुम्हाला आवडलेला खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकचा. जुन्या वळणाचे रिओहावाले तो वापरतात. फ्रेंच ओकमध्ये तो बराच कमी, मसाल्याचा वास जास्त. म्हणून खोबरं हवं असेल तर जुन्या वळणाचीच रेसेर्वा शोधा. जळजळ मात्र रेसेर्वाने कमी होणार नाही, अल्कोहोल दोन्हींत जवळपास सारखंच असतं.

ग्रान रेसेर्वा घेतलीत तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, साका तळाशी बसतो. ओतताना मानेखाली टॉर्च धरा आणि काळी रेघ मानेशी आली की थांबा. जुनं बूच ठिसूळ असतं, स्क्रू सरळ आणि सावकाश फिरवा.

नान्नज_बागायतदार:
रिबेरा दाट का, हे आपल्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला लगेच कळेल. आपण खातो ते थॉमसन मोठ्या मण्याचं, पातळ सालीचं आणि बिनबियांचं. रिबेरा आणि रिओहाचं मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो, त्याचा मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि टॅनिन सालीतून येतं आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त पडते. रिबेराच्या बागा ७५० ते ९०० मीटरवर आहेत, दिवसा ऊन कडक आणि रात्री गारवा. रात्र उबदार असली की मणी श्वसनात मॅलिक आम्ल खर्च करतो. तिथे ते टिकतं, म्हणून १४ टक्क्यांची वाइनही मिळमिळीत लागत नाही.

साखरेचा हिशेबही सोपा. आपण खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडतो, हे लोक २४ च्या आसपास. तेवढी साखर आंबली की साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल होणारच. स्पेनच्याच प्रियोरात भागातला गार्नाचा द्राक्षाचा वाइन-प्रकार तर सहज साडेचौदा-पंधरावर जातो. उन्हाळ्यात तो नकोच.

कडक_भाकरी:
आता जेवणाकडे. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि टॅनिन तोंड कोरडं करतं, त्यामुळे तिखट रस्सा आणि रिबेरा हे जमणारच नाही. वर ओकचा कडवटपणा असतोच. तिखटाला कमी टॅनिनची, बिनओकची, १३ टक्क्यांच्या आसपासची तरुण वाइन घ्या: बिएर्सो भागातली मेन्सिया द्राक्षाची वाइन किंवा हिरव्या पट्टीची रिओहा. १३-१४ अंशांना, म्हणजे थोडी जास्तच थंड. शेंगाचटणीबरोबर मेन्सिया छान लागते, पण चटणीवर तेल सढळ हवं, तेलाने टॅनिन मवाळ होतं.

क्रियान्सा-रेसेर्वाला कमी तिखटाचं सुकं मटण किंवा निखाऱ्यावरच्या चॉप्स करा. मीठ, लसूण, थोडी मिरी, बस. रिओहात कोकराच्या चॉप्स द्राक्षाच्या छाटलेल्या वाळक्या काड्यांवर भाजतात. आपल्याकडे खरड छाटणीत काड्या ढिगाने निघतात, पण त्यांच्यावर बुरशीनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. त्या जाळू नका, कोळसाच बरा.

सात_रस्ता:
पट्टीची माहिती फार कामाची आहे, सगळ्यांचे आभार. अर्धी बाटली उरली तर?

बूच_आणि_पेला:
बूच घट्ट लावा, उभी ठेवा, फ्रिजमध्ये. क्रियान्सा तीन दिवस तरी जाते, ग्रान रेसेर्वा दुसऱ्याच दिवशी उतरते. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, मे महिन्यात वीस मिनिटंही पुरतात. पहिल्याच दिवशी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला असेल तर तो बुचाचा दोष. ती ठेवून सुधारत नाही, दुकानदाराला परत द्या.