चौरस खोलीत डग्गा घुमतोय, मदत हवी आहे (गुहागर)

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे, समुद्र चालत दहा मिनिटांवर. माजघरामागची आंब्याची आढी (पेंढ्यात आंबे पिकवायला ठेवणं) घालायची खोली गाणं ऐकण्यासाठी मी आईकडून मागून घेतली. आढी आता पडवीत गेली, त्यावरून रोज दोन शब्द ऐकून घेतो. खोली आतून बरोबर १२ बाय १२ फूट. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली कोबा.

सामान म्हणजे वाल्वचा अँप्लिफायर, उभे स्पीकर, टर्नटेबल आणि बाबांच्या दोनेकशे रेकॉर्ड, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत.

तबलजीने डग्ग्यावर घिस्सा मारला, म्हणजे तळहात दाबत सरकवला, की सूर चढता चढता एका जागी भसकन फुगतो, कोणी रिकामं पिंप बडवावं तसा. फोन जोडून ४० ते १२० हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवले. माझी खुर्ची खोलीच्या मधोमध आहे. तिथे ९४ ला कान दडपतात आणि ४७ जवळजवळ गायब. भिंतीला पाठ लावून बसलं तर ४७ सुद्धा अंगावर येतो.

एका दुकानदाराने २ इंची फोम गळ्यात मारला. टाळी वाजवल्यावर यायची ती टणटण गेली, पण डग्गा जसाच्या तसा. वर पहिल्या पावसात फोममागे काळी बुरशी. उपटून टाकला.

एका भिंतीला २ फूट खोल मांडणी केली तर खोली १२ बाय १० धरता येईल का? प्लायवूड नको, वाळवी आहे. (कौलांवरच्या पावसाबद्दल तक्रार नाही. तो वाजायला लागला की मी टर्नटेबल बंद करतो.)

प्रतिसाद: उघड्या मांडणीने खोली लहान होत नाही, खर्जाला ती अडवतच नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटत राहतो, म्हणून १२ फुटांत ४७ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट ९४ घुमणारच, आणि तुमची लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडून. ९४ च्या लहरीचा चौथा हिस्सासुद्धा ३ फूट भरतो, तिथे २ इंची फोम काय करणार? आधी फुकटचं करा. खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, स्पीकर बाजूच्या भिंतींपासून तीन-तीन फुटांवर. मग कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) कापडात गुंडाळून, जमिनीला आणि भिंतीला न टेकवता. जाड आणि सच्छिद्र असणं महत्त्वाचं.

धागाकर्ता: खुर्ची-स्पीकर हलवले. ९४ निम्म्याच्या वर उतरला, आभार! आणि जाड, सच्छिद्र वाचून ट्यूब पेटली. मे महिन्यात आढीच्या पेंढ्याचे भारे याच कोपऱ्यांत रचलेले होते, तेव्हा डग्गा शहाण्यासारखा वाजायचा. मला वाटलं होतं कान फसवतायत. आईला अजून सांगितलेलं नाही.