बुडाला शिक्का असलेला वाडगा घ्यावा का? (बजेट 5,000)

दादरकर_प:
चोर बाजारात मटण स्ट्रीटवर काळसर तपकिरी वाडगा पाहिलाय, तोंड 15 सेंमी. बुडाजवळ गोलात 'एस' आणि 'आय' अक्षरं दाबलेली. दुकानदार म्हणतो नामवंत इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांचा आहे, 9,000. शिक्का खरा कसा ओळखायचा?

मातीवाला:
हा शिक्का इंग्लंडात कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्जमधल्या लीच पॉटरीचा. लीच आणि जपानी कुंभार शोजी हामादांनी ती 1920 मध्ये काढली. पण पॉटरीचा शिक्का म्हणजे लीच यांचा हात नव्हे. त्यांच्या स्वतःच्या भांड्यावर सहसा शेजारी 'बीएल' असतं. नसेल तर तिथल्या कारागिरांचं रोजच्या वापराचं भांडं समजा. 5,000 च्या वर एक रुपया देऊ नका. ग्लेझने, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाने, अक्षरं बुजली असतील तर पातळ कागद ठेवून 2बी पेन्सिल आडवी घासा, उमटतील.

कुर्ला_संग्रह:
निव्वळ शिक्क्यावर विसंबू नका. 1980 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका तुरुंगाच्या कुंभारकामाच्या वर्गात शिक्क्यासकट नकली लीच भांडी झाली होती, ती लिलावातही गेली. टॉर्च बाजूने धरा. ओल्या मातीत दाबलेल्या शिक्क्याच्या कडा गोलसर, माती किंचित वर आलेली. भाजल्यावर कोरला असेल तर कडा खरबरीत, आत ताजी माती दिसते.

अंधेरी_वेस्ट:
20,000 काढा आणि पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिजचं घ्या. 1971 पासूनची पॉटरी आहे. माझ्याकडे चार आहेत, एकालाही टवका नाही.

मातीवाला:
बजेट 5,000 लिहिलंय.

कुर्ला_संग्रह:
आणि शिक्का नाही म्हणजे किंमत नाही असंही नव्हे. 1923 मध्ये जपानला परतल्यावर हामादांनी भांड्यावर शिक्का मारणं सोडलं, सही लाकडी पेटीवर करत.

परळ_ताई:
आधी डागडुजी तपासा, त्यातच फसगत जास्त. वाडगा बोटांच्या टोकांवर ठेवून टिचकी मारा, बद्द वाजला तर तडा आहे. दुकानदाराला विचारून काठावर अॅसिटोनचा कापूस फिरवा, रंग सुटला तर टवका भरलाय. बुडाच्या उघड्या मातीवर पाण्याचा थेंब टाका. स्टोनवेअर, म्हणजे अशी घट्ट मातीची भांडी, 1200 अंशांच्या वर भाजतात, पाणी पटकन मुरता कामा नये.

बोरिवली_बी:
टिचकी मारून बघाच, आवाज महत्त्वाचा. 9,000 अजिबात नको.

दादरकर_प:
पाहून आलो. शिक्का ओल्या मातीतलाच, 'बीएल' नाही. खणखणीत वाजतो, काठाला रंग सुटला नाही, थेंब तसाच राहिला. दुकानदार 7,000 वर आला, घेतला. काठाशी ग्लेझ पातळ होऊन काळ्यातून गंजाचा रंग उतरलाय, तो सोडून येववेना.