गुहागरला जुनी इकोस्पोर्ट डिझेल: घ्यावी का, आणि घेताना काय काय तपासावं?

खाडीकाठ

2016 ची फोर्ड इकोस्पोर्ट, 1.5 डिझेल मॅन्युअल, दुसरा मालक, एमएच-08 पासिंग, मीटरवर 94,000 किमी. गाडी सध्या चिपळुणात आहे. माझ्याकडे आली तर राहील गुहागरला, समुद्रापासून फार तर पाव किलोमीटरवर. वर पत्र्याची शेड आहे, बाजू उघड्या. वापर रोजचा 15-20 किमी, अधूनमधून कुंभार्ली घाटातून पुणं, आणि धोपावे-दाभोळ फेरीबोट.

कंपनीने भारतात गाड्या बनवणं बंद करायचं 2021 मध्ये जाहीर केलं हे माहीत आहे. पार्टचं कितपत अवघड होईल? खाऱ्या हवेत ही गाडी टिकते का? मालकाच्या म्हणण्यानुसार गाडी पुरात नव्हती, पण ते पडताळायचं कसं? इंजिनात खर्चिक काय निघू शकतं तेही जाणकारांनी सांगावं.

पत्रेवाला_08

आधी पुराचं बघा. बाकी सगळं दुरुस्त होतं, पुरात बुडालेली वायरिंग होत नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि गाड्या तासन्‌तास पाण्याखाली राहिल्या. तुमची गाडी 2016 ची, म्हणजे तेव्हा ती कुठे उभी होती हा प्रश्न रास्तच आहे. तोंडी उत्तरावर जाऊ नका. पूर आला तेव्हा चालू असलेली आणि त्यानंतरची अशा दोन्ही विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसची (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टक्केवारी ताडून पाहा. आधीच्या वर्षी 35 किंवा 45 टक्के आणि पुढच्या वर्षी शून्य, याचा अर्थ बहुधा मधे क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा. नंतर चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुलै ते ऑक्टोबर 2021 मधल्या जॉबकार्डची नोंद काढायला सांगा. पॉलिसी देतच नसतील तर गाडी सोडा.

गाडीवर पाहायचं ते असं. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याचा जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथे गाळाची रेघ राहते, कारण तो कोणी धूत नाही. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट आणि सीटखालचे पिवळे कनेक्टर (एअरबॅगचे) पाहा. डिकीतलं कार्पेट उचला. इकोस्पोर्टचं स्टेपनी बाहेर दारावर असल्यामुळे आतला तळ सहसा कोरडा आणि स्वच्छ सापडतो. तिथे बारीक गाळ असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्सच्या कनेक्टरवर हिरवट पूड दिसली तरी तेच. नवं कोरं कार्पेट आणि उग्र सुगंध असला तर जास्तच बारकाईने बघा.

आता गंज. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीवर किंमत ठरवू नका, रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवून खालून पाहा. लाकडी मुठीचा जुना स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. दोन्ही बाजूंच्या सिलवर (दारांखालचा पत्र्याचा उंबरा), जॅक लावायच्या जागी टोचून पाहा. घण्‌ आवाज यायला हवा. भसकन आत गेला तर पत्रा संपलाय. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून कुजतं आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत कळत नाही. मागचा ट्विस्ट बीम (मागची चाकं जोडणारा आडवा दांडा), स्प्रिंगच्या वाट्या, डिझेल टाकीचे पट्टे, सायलेन्सरचे क्लॅम्प आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेकच्या लोखंडी नळ्या. नळीवर लाल रंग आलाय की खड्डे पडलेत हा फरक ओळखायला हवा. नुसता रंग घासून जातो, खड्डे पडलेली नळी बदलायचीच. मागे ड्रम ब्रेक आहेत, हँडब्रेकची केबल खाऱ्या हवेत अडकते. हँडब्रेक सोडून गाडी उतारावर आपोआप सरकते का पाहा.

स्टेपनी दारावर टांगलेलं, म्हणून बिजागऱ्यांवर सतत भार असतो. दार उघडून टोकाला धरून वर उचला. खडखड किंवा सैलपणा जाणवला तर बिजागरी झिजली आहे. स्टेपनीच्या ब्रॅकेटमागे ओल साचते, कव्हर काढून बघा.

पुट्टी शोधायला फ्रिजवरचा साधा पातळ लोहचुंबक कापडात गुंडाळून पॅनलवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी.

पुढची जाळी काढून एसीचा कंडेन्सर पाहा. पाकळ्या पांढऱ्या भुकटीसारख्या बोटाला लागत असतील तर येत्या उन्हाळ्यात गॅस गळणार. किनाऱ्यावर हा भाग झिजणारच, त्याचे पैसे किमतीतून आधीच वजा करा.

डिझेलमिस्त्री

इंजिनाबद्दल. तुमच्या मॉडेलमध्ये 1498 सीसीचं चार सिलिंडरचं टीडीसीआय (फोर्डचं टर्बो डिझेल) आहे. 2015 च्या अखेरीपासून ते 100 पीएसचं आहे, आधी 90 च्या आसपास होतं. मुळात दणकट इंजिन. पण त्याला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावंच लागतं.

मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा पाहून लोक म्हणतात अजून अवकाश आहे. रबर वर्षांनीही म्हातारं होतं. 2016 ची गाडी म्हणजे बेल्टची दहा वर्षं होतच आली. जुन्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम हेच करा. या इंजिनात वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप हे एकाच वेळी. पंप वाचवून नुसता बेल्ट टाकला आणि सहा महिन्यांनी पंपाने गळती धरली, तर कुलंट नव्या बेल्टवर पडतो आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. किटचा पार्ट नंबर चेसिस नंबरवरूनच काढून घ्या, 1.4 डिझेलचं किट ‘चालेल’ म्हणून गळ्यात मारणारे दुकानदार आहेत.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे वॉशर असतात. ते बसले की जळका वायू वर येऊन इंजेक्टरभोवती डांबरासारखं काळं साठतं. बॉनेट उघडून वरचं प्लास्टिक कव्हर काढा, थंड इंजिन सुरू करा आणि ‘चफ चफ’ असा आवाज ऐका. वेळेत पकडलं तर वॉशर बदलून भागतं. दुर्लक्ष झालं तर इंजेक्टर जागेवरच धरतो आणि काढताना तुटतो.

ऑइल 5डब्ल्यू-30, बाटलीवर फोर्डचं डब्ल्यूएसएस-एम2सी913-डी हे मानक छापलेलं हवं. दर 10,000 किमी किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. रोज 15 किमीच चालणार असेल तर वर्षाचीच अट लागू होईल. कुलंट डिस्टिल्ड पाण्यात अर्धंअर्धं. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये अजिबात नको, किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं.

घाटात 1,700 आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. कुंभार्लीच्या वळणावर तिसऱ्यात रेटू नका, दुसरा टाका. तिसऱ्यातच कण्हत चढवलेली गाडी क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं क्लचमागचं जड चाक) दोन्ही संपवते. ट्रायल घेताना चढावर उभी करून निघून बघा. पॅडल सुटताना खरखर किंवा धक्का आला तर किंमत त्यानुसार.

आणि ही बीएस-4 गाडी, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. तुमच्या छोट्या फेऱ्यांसाठी ही जमेची बाजू. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलला रोज पाच-सात किमी चालवलं तर फिल्टर काजळीने भरतो आणि मोकळ्या रस्त्यावर लांब पल्ला मारल्याशिवाय तो साफ होत नाही.

जुनेपाने

पार्टचा प्रश्न इतिहासाकडून पाहिला तर कमी घाबरवतो. फोर्ड मोटर कंपनी 16 जून 1903 ची, डेट्रॉइटची. भारतात ती 1926 मध्ये कॅनडातल्या फोर्डमार्फत आली आणि मुंबईतही गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात सरकारने इथेच उत्पादन करण्याचा आग्रह धरल्यावर ती निघून गेली. म्हणजे 2021 चं जाणं हे तिचं दुसरं जाणं.

दुसरं येणं 1995 चं, महिंद्राबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. पहिली एस्कॉर्ट आपल्या नाशिकला तयार झाली. मग चेन्नईजवळ मराईमलाई नगर, 1999 ची आयकॉन, 2010 ची फिगो, 2013 ची इकोस्पोर्ट, 2015 मध्ये साणंदचा दुसरा कारखाना. साणंदचा निर्णय फसला असं माझं मत. देशात विक्री वाढत नव्हती आणि दोन कारखान्यांची क्षमता रिकामी पडली. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाल्याचं कंपनीने 9 सप्टेंबर 2021 ला सांगितलं. त्याआधी महिंद्राशी पुन्हा भागीदारी ठरली होती, ती 2020 च्या शेवटच्या दिवशी मोडली. साणंद आता टाटांकडे आहे.

तुमच्या कामाचा मुद्दा असा की इकोस्पोर्ट ही फक्त भारताची गाडी नव्हती. मूळ ब्राझीलची, नंतर रोमानियातही बनली, आणि चेन्नईतून थेट अमेरिकेला जात होती. 1.5 डिझेलचं घराणं प्यूजो-सिट्रोएनबरोबर विकसित झालेलं. म्हणून बेल्ट, फिल्टर, बेअरिंग, ब्रेक, क्लच हे मूळ पुरवठादारांच्या डब्यात मिळत राहील. त्रास पडेल तो हेडलॅम्प, बंपर, काचा, आतलं प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांचा. त्यासाठी कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याकडून मागवायची तयारी ठेवा. गाडी घेण्याआधी डाव्या-उजव्या हेडलॅम्पची आणि पुढच्या काचेची चौकशी करून बघा, अंदाज येईल.

खाडीकाठ

उपयोगी माहिती. दोन शंका. घेतल्यावर खालून रबर कोटिंग मारून घेऊ का? आणि याच बजेटमध्ये 2014 ची पेट्रोल ऑटोमॅटिकही मिळतेय, ती कशी?

मालवणी_पाना

ऑटोमॅटिक नको. 2013 ते 2017 च्या इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचचा पॉवरशिफ्ट (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे. हळू चालीत थरथर, इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल क्लचवर, आणि कंट्रोल मॉड्यूल बंद पडणं या जगभर गाजलेल्या तक्रारी. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला. 2017 च्या अखेरीनंतरच्या ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा भाग) आहे, तो ठीक. पण त्या तीन सिलिंडरच्या 1.5 पेट्रोलचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो, 1.0 इकोबूस्टचाही. चुकीचं ऑइल घातलं की बेल्टचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी बंद होते. तिथे ऑइलच्या बिलाशिवाय गाडी घेऊ नये.

रबर कोटिंगचं म्हणाल तर गंजावर मारलं तर आतल्या आत पत्रा खातं, वरून काही दिसत नाही. क्रम असा: आधी गोड्या पाण्याने खालचा भाग धुणं, मडगार्डचे लायनर काढून आतली जांभ्याची माती खरवडणं (ही माती ओल धरून ठेवते), दोन दिवस उन्हात वाळवणं. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून फॉस्फरिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण), तो वाळला की इपॉक्सी प्रायमर, वर रंग. सिल आणि दारांच्या पोकळीत रबर नव्हे, पातळ कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने आतून मारायचं. भोकं बुजवायची नाहीत. हे काम एप्रिल-मेमध्ये करा. उन्हात वॅक्स सांध्यात झिरपतं, आणि पत्रा खरोखर कोरडा असतो. पावसात मारलेलं कोटिंग म्हणजे पैसे पाण्यात.

फेरीच्या रॅम्पवर लाट चाकांवर येते. त्या दिवशीच घरी आल्यावर खालून गोडं पाणी, साध्या नळीने, दाब नको. जोरदार फवारा मीठ सांध्यात आणखी आत ढकलतो. पाऊस गाडी धुतो हा भ्रम आहे, तो टप धुतो. शेडमध्ये ताडपत्रीचं कव्हरही घालू नका, आत घाम सुटतो.

बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीला लावलेले अर्थचे बोल्ट सहा महिन्यांनी खोला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करून, पुसून, घट्ट करून वर व्हॅसलीन. किनाऱ्यावरच्या निम्म्या ‘सेन्सरच्या’ तक्रारी तिथेच मिटतात.

बाकी एकच, गाडयेच्या खाली घुसा, मगे किमतीचा बोला.

पत्रेवाला_08

वरच्यात भर: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे) वर सह्या त्याच दिवशी. चेसिस नंबर घालून रिकॉलची (दोषी भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्याची) नोंदही सर्व्हिस सेंटरवर तपासून घ्या. जुन्या एंडेव्हरच्या (2004 ते 2014) एअरबॅगसाठी 2019 मध्ये रिकॉल निघाला होता. त्या प्रकारच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणारा भाग) रसायन उष्ण दमट हवेत बिघडतं, आणि आपल्याकडे दुसरी हवाच नाही. कोणी एंडेव्हर पाहत असेल तर तो बदलल्याचं जॉबकार्ड मागावं.