शेततळ्यातल्या माशांना लसूण, हळद, शेवग्याचा पाला द्यावा का?

शेततळे_इंदापूर: नमस्कार मंडळी. प्लास्टिकचा कागद टाकलेलं २० गुंठ्यांचं शेततळं आहे, रोहू-कटला सोडलेत. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड. पाऊस लागल्यापासून मासे खाद्यावर नीट येत नाहीत, काहींच्या अंगावर लाल चट्टे दिसतात. दुकानदार अँटिबायोटिक मिसळा म्हणतो. मला ते नको, घरची पोरं हेच मासे खातात. लसूण, हळद, शेवग्याचा पाला चालेल का? किती द्यायचा?

कटलावाली_ताई: दादा, नको म्हणालात ते फार बरं केलंत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या जंतुनाशक औषधांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे. पण चट्टे उठलेला मासा लसणानं बरा होईल असं मी सांगणार नाही. जो खातच नाही, त्याच्या पोटात खाद्यातलं औषध जाणार कसं? आधी पहाटे तळ्यावर जा. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय. खाद्य थांबवा, पंपानं पाणी उडवा. आजारी मासा जिवंतच मत्स्यव्यवसाय कार्यालयात नेऊन दाखवा.

लसूण-हळद कामाची ती धडधाकट माशाला. किलोभर खाद्याला मी १० ग्रॅम लसूण घेते. ठेचून थोडा वेळ तसाच ठेवते, कारण लसणातलं औषधी द्रव्य अ‍ॅलिसिन ठेचल्यावरच तयार होतं. अख्खा शिजवला तर होतच नाही. हळद तेलात कालवायची, तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. दोन्ही खाद्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी टाकायचं.

शेवग्याच्या वाळल्या पाल्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं, म्हणून लोक सढळ हातानं घालतात. पण त्यात सॅपोनिन, टॅनिन ही पचनाला अडथळा आणणारी द्रव्यंही असतात. १०० किलो खाद्यात ५ किलो पूड पुरे, १० च्या वर जाऊ नका.

आणि दादा, पेंडीचं पोतं आधी तपासा. पेंडीला बुरशी असेल तर कितीही लसूण घाला, बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, माशाचं यकृत खराब करतं.

हिरवं_खाद्य: अझोला (पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती) पण चालतो, मात्र ओल्या अझोल्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तो घातला म्हणून तेवढ्याच वजनाची पेंड कमी करू नका. सुबाभळीचा पाला कच्चा घालू नका, त्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं.

शेततळे_इंदापूर: ताई, पोतं उघडलं. तळाशी हिरवट बुरशी आहे. वरची पेंड चांगली दिसते, तेवढी वापरू का?

कटलावाली_ताई: नाही. उन्हात वाळवून किंवा भाजून ते विष जाईल याचा भरवसा धरता येत नाही. सगळं पोतं बाजूला काढा, गुरांनाही घालू नका.