बोरन्हाणाचं निमंत्रण काळ्या कागदावर चालेल का?

कागदकात्री (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. धाकट्याचं पहिलं बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी घरीच करायचं ठरलंय. तो दहा महिन्यांचा आहे, नुकता धरून उभा राहायला लागलाय. म्हणजे जे खाली पडेल ते तोंडात! थोरली साडेचार वर्षांची. तिच्या वेळी मी व्हॉट्सॲपवर एक तयार चित्र पाठवून मोकळी झाले होते. बाळकृष्ण, पतंग, तिळाचे लाडू आणि कोपऱ्यात कुठल्याशा दागिनेवाल्याचा फोन नंबर. या खेपेला तीस घरं आहेत, चार-पाच सोडली तर सगळी पुण्यातलीच. हातानं कार्डं करायची फार हौस आहे.

लग्नाआधी मी बऱ्यापैकी कार्डं करायचे. क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी), पंच, रिबिनी, सगळं. तो डबा माळ्यावरून काढला तर गोंदाचे खडे झालेत आणि रिबिनी थोरलीनं बाहुलीला गुंडाळल्या. आता वेळ म्हणजे रात्री साडेनऊनंतर मिळाला तर तासभर. म्हणून असं काहीतरी हवंय ज्यात थोरलीला खरंखुरं काम मिळेल. "तू नुसतं बघ हं" हे तिला चालत नाही.

सुचलंय ते असं: काळी कार्डशीट आणि तिच्यावर पांढऱ्या पोस्टर कलरचे ठिपके. बाळकृष्णाला ठिपक्यांचाच हार, मुकुट, बाजूबंद, हातात बासरी. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने दिसतात तसं. ठिपके थोरली इअरबडनं देणार. एक नमुना केला. तिला तो इतका आवडला की तिनं फ्रीजवरही हार काढला.

आता घोडं अडलंय कुठे, तर सासूबाईंपाशी. "शुभकार्याचं आमंत्रण आणि काळं?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या वगैरे नाहीत, पण नमुना पालथा घालून ठेवला, त्यावरून समजायचं ते मी समजले. दुसरं म्हणजे, कोपऱ्यावरच्या दुकानातली शीट दुमडली की घडीवर रंग फुटून पांढरी रेघ उमटते. आणि तिसरं, माझ्या आजीकडे संक्रांतीला पोस्टानं शुभेच्छापत्रं यायची, त्यात चिमूटभर हलवा असायचा. तसा पाकिटात घालावा असं फार मनात आहे. कोणी केलंय का असं काही?

उगाचच

तीस कार्डं, तीस पाकिटं, वर घरोघरी वाटायला पेट्रोल. आणि लोक काय करणार, तारीख मोबाइलमध्ये टाकणार आणि कार्ड रद्दीत. व्हॉट्सॲप झिंदाबाद. मुलांबरोबर तोच वेळ बागेत घालवा.

कागदकात्री

@उगाचच, बागेत जाऊन आले की उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं तेही सांगा. सात ते साडेआठ ही वेळ तुमच्या घरी कशी जाते?

बालवाडीताई, सांगली

मी तीस वर्षं बालवाडीत काढली, त्यामुळे ठिपक्यांवर बोलायचा मला अधिकार आहे.

अगं, कल्पना झकास आहे. फक्त इअरबड नको. दहा-बारा ठिपके झाले की कापूस सुटतो आणि ठिपक्याला मिशा येतात. त्यापेक्षा पेन्सिलीच्या मागचा रबर घे, त्याचा ठिपका गोल आणि टपोरा येतो. बारीक ठिपक्यांना उदबत्ती जळून गेल्यावर राहते ती काडी. रंगाची बाटली मुलीच्या हाताशी ठेवायचीच नाही. बाटलीच्या झाकणात चमचाभर रंग दे, श्रीखंडाइतका घट्ट. पातळ केलास तर काळ्यावर राखाडी दिसतो. त्यात दोन थेंब फेविकॉल घाल, म्हणजे वाळल्यावर पोपडे निघत नाहीत. ॲक्रिलिक आणू नकोस. तो जास्त टिकतो खरा, पण वाळला की फ्रॉकवरून जात नाही. पोस्टर कलर निघतो.

हाराचा आकार तू आधी पेन्सिलीनं काढून दे, वाटी उपडी ठेवून अर्धगोल. त्या रेघेवरून ती चालेल. एका बैठकीला चारच कार्डं. साडेचार वर्षांचं मूल पंधरा मिनिटं रमलं तर खूप झालं. पाचवं कार्ड पुढे केलंस की ते कार्ड, टेबल आणि आईचं डोकं, तिन्ही जातात. ठिपका हारातून निसटून खाली पडला तर पुसत बसू नकोस, ते बोर पडलं म्हणायचं. बोरन्हाणच आहे ना! आणि तिच्या समोर तू मागाहून ठिपके सरळ करू नकोस. मुलांना कळतं, आणि मग पुढच्या कार्डाला हात लावत नाहीत.

काळ्या रंगाचं म्हणशील, तर वर्षात हा एकच सण असा की काळं मुद्दाम घालतात. तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा कोणी घेतली होती. नव्या सुनेला चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, हे त्यांनी स्वतः केलेलं असणार. पण त्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नकोस. पाकीट पांढरं घे आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं त्यांनाच लावायला सांग. त्यांच्या बोटांशिवाय आमंत्रण बाहेर पडत नाही म्हटल्यावर त्या कार्ड पालथं घालणार नाहीत. हळद मात्र थोड्या पाण्यात कालव आणि बोटाला साबण नको, पिवळ्याची लाल होते.

हलव्याची पाकिटं आमच्याकडेही यायची. पोस्टाच्या शिक्क्याखाली निम्म्याचा चुरा व्हायचा, आम्ही पोरं तो पाकीट उपडं करून तळहातावर घ्यायचो. तुला हातोहात द्यायची आहेत तर बटर पेपरची चपटी पुडी कर. पोस्टाच्या पाकिटात घालू नकोस.

छापखानेवाला, गिरगाव

घडीवर पांढरी रेघ येते कारण तो कागद आतून पांढराच आहे, रंग फक्त वर दिलेला. दुकानात कोपरा किंचित फाडून बघा. फाटलेली कड काळी दिसली तरच घ्या. 250 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) आसपास पुरे. त्याहून जाड कागद घरच्या कात्रीनं नीट कापला जात नाही.

दुमडायचंच असेल तर आधी क्रीझ मारावी लागते. पट्टी धरून वाळलेल्या बॉलपेनची रिफिल दाबून ओढायची, मग घडी. क्रीझचा खळगा घडीच्या बाहेर राहील आणि उंचवटा आत जाईल असं दुमडा. लोक नेमकं उलटं करतात. घडी नखानं दाबू नका, काळ्यावर चकाकणारा ओरखडा उठतो. वर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबा. आणि कागदाला ग्रेन असते, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेनं असतात. शीट हातात धरून उभी वाकवा, मग आडवी वाकवा. जिकडे सहज वाकेल त्या दिशेनं घडी घातली की ती फुटत नाही.

पण माझं ऐकाल तर घडीच नको. ए-फोर शीटचे चार तुकडे करा, 105 बाय 148 मिलिमीटरचे. पुढे काळी बाजू ठिपक्यांची, मागे फिक्या क्रीम कागदावर मजकूर लिहून चिकटवा. तीस कार्डांना आठ शीट लागतील, दोन जास्त आणा. दुमडलेली केलीत तर त्याच आकाराला पंधरा लागतात. पाकीट सी-सिक्स मागा, 114 बाय 162. आधी पाकीट हातात घ्या, मग कागद कापा. आमच्याकडे हौशी मंडळी कार्ड घेऊन येतात आणि त्या मापाचं पाकीट बाजारातच नसतं.

चिकटवायला पातळ केलेला फेविकॉल नको. पाणी प्यायला की कागद फुगतो आणि वाळताना कार्ड पापडासारखं वळतं. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात हे सगळं मिळेल. क्रीम कागद जरा चांगला हवा असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जाऊन बघा. चिंध्यांच्या लगद्याचा कागद असतो, हाताला लागतो तेव्हाच कळतं. पण त्यावर जेल पेन कधीकधी पसरतं, आधी कोपऱ्यात लिहून बघायचं.

न्यूजर्सीची_काकू

आमच्याकडे बोरन्हाण म्हणजे क्रॅनबेरी, चुरमुरे, मार्शमेलो आणि मग आठवडाभर गालिच्यातून चुरमुरे वेचणं. ताजी बोरं नेहमी मिळतातच असं नाही. कार्डं मी मागे केली होती. उघडलं की गाणं वाजतं ते यंत्र मिळतं ना छोटंसं, ते आत चिकटवलं होतं. मुलं खूश! ठिपक्यांच्या हारामागे बारीक दिवाही लावता येईल.

स्टेथो

काकू, हौसेवर पाणी घालत नाही, पण ते यंत्र आणि दिवा दोन्ही नको. त्यात बटन सेल असतो. रांगत्या मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही. कार्ड तीस घरांत जाणार, कुठल्या घरात कोण रांगतंय ते आपल्याला ठाऊक नसतं. टिकल्या, मोती, चमकीचंही तेच.

विषय निघालाच आहे म्हणून, बोरन्हाणात डोक्यावरून ओतायच्या मापात शेंगदाणे, रेवड्या आणि बिया असलेली बोरं असतात. पाच वर्षांखालच्या पोरांनी झडप घालून ते तोंडात टाकलं की ठसक्याची भीती. आम्ही घरी शेंगा न सोललेल्या घेतो, बोरं मोठी घेतो, आणि बाकी चुरमुरे भरपूर. हलवाही कडकच. ज्या घरी अगदी लहान मूल आहे तिथे पुडीऐवजी मऊ तिळाची वडी द्या.

न्यूजर्सीची_काकू

बाप रे. आमच्याकडे अजून एक पडलंय कपाटात. आजच सेल काढून टाकते.

कागदकात्री

सगळ्यांचे आभार. कालपासून घरात बऱ्याच गोष्टी घडल्या.

घडी रद्द. पुढे काळं, मागे क्रीम, असं ठरलं. ताई म्हणाल्या तसं सासूबाईंना चंद्रकळेचं विचारलं. त्यांची चंद्रकळा त्यांच्या नणंदेनं निवडली होती आणि ती त्यांना मुळीच आवडली नव्हती, कारण काठ फार बारीक. हे सांगताना त्या अर्धा तास बोलल्या आणि त्यात माझ्या चुलतसासऱ्यांपर्यंत सगळे येऊन गेले. काळ्या कार्डाबद्दल शेवटी म्हणाल्या, "वर श्री हवा, आणि पहिलं देवापुढे." हळदीकुंकवाची बोटं त्याच लावणार. शिवाय ठिपक्यांचा हार एकपदरी बरा दिसत नाही, दुपदरी हवा, असंही सांगून झालं. म्हणजे थोरलीचं काम दुप्पट.

तिची चार कार्डं आज झाली. पेन्सिलीचा रबर एकदम बरोबर. दुसऱ्या कार्डावर बाळकृष्णाला तिनं चष्मा काढलाय ठिपक्यांचा, कारण आजोबांना चष्मा आहे. ते कार्ड आजोबांच्या बहिणीकडे जाणार.

@छापखानेवाला, चौकातल्या दुकानदारासमोर मी शीटचा कोपरा फाडला तेव्हा त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते तुमच्या खात्यावर. पण कड काळी निघाली.

आता मजकूर राहिला. पोस्टकार्डाएवढ्या जागेत काय लिहू? "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून सुरुवात केली तर पत्ता मावत नाही.

उगाचच

मजकूर मी देतो, छोटा:

॥ श्री ॥
आमच्या बाळाचं बोरन्हाण आहे.
रविवारी संध्याकाळी पाच वाजता घरी या.
मुलांना घेऊन या. मुलांनी लुटीसाठी आपापली पिशवी आणावी.
काळे कपडे चालतील, पळतील.

खाली पत्ता. थोरलीला नाव लिहिता येत असेल तर सही तिची.

बालवाडीताई, सांगली

"आमच्या बाळाचं" नको, ताईनं बोलावल्यासारखं कर: "माझ्या भावाचं बोरन्हाण आहे." पिशवीचं वाक्य अगदी ठेव. नाहीतर मुलं बोरं फ्रॉकच्या ओच्यात घेतात आणि खाली पडलेलं बोर कोणीतरी पायाखाली घेतंच.

कागदकात्री

ताई, घेतलं. ती नावातलं "र" उलटं काढते, तसंच ठेवणार आहे. आणि @उगाचच, तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. कार्ड येईल, हलवा नाही.